दर्शनी बाजू

बायकोचा फोन आला तेव्हा त्याचा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, आणि त्या चार्जरची वायर मेली इतकी आखूड की बोलायचं तर तिथल्या खुर्चीवर बसूनच बोलावं लागे. खुर्ची तिची. इतक्या वर्षांत तो त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. कुणी बंदी केली होती असं नाही, पण घरात ज्याची त्याची जागा ठरून जाते आणि मग ती मोडायला काहीतरी निमित्त लागतं. तो बसला. खुर्ची त्याला बुटकी वाटली. "रविवारी येते," ती म्हणाली. "कपड्यांचं बघायचंय." तो म्हणाला, "ये ना." "भाऊ सोडेल गाडीनं." "बरं." दोन महिने झाले, ती भावाकडे होती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान मिटवायला काहीतरी हातात असतं. 'जरा भावाकडे जाऊन येते' म्हणून गेली आणि ते 'जरा' लांबत गेलं, एवढंच. थंडीचे कपडे न्यायला येत असणार, म्हणजे थंडीभर तिकडेच, हे त्यानं मनातल्या मनात धरलं. "आणि भाडेकरू कसे आहेत?" तिनं विचारलं. "आहेत की," तो म्हणाला. "आज सकाळपासून वर ठोकाठोक चाललीय. कपाटं सरकवतात की काय, कोण जाणे." "हॅलो?" "हो, आहे," ती म्हणाली. "बरं. ठेवते." आणि ठेवला.

तो तसाच बसून राहिला आणि मग त्यानं समोर बघितलं. समोर टाकी होती. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत कमरेपासून वर पाडून त्या जागी सहा फूट लांबीची काचेची टाकी बसवलेली. आत खारं पाणी, तळाला पांढरी वाळू, वाळूवर खडक, खडकांवर पोवळी आणि वरून निळसर दिवा. दिवाणखान्यातून बघणारा माणूस बोलता बोलता थांबायचा, वीज बिलाचे पैसे मागायला आलेला सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा पैसे मागायचं विसरून उभा राहिला होता. पण इथून? इथून त्याला दिसलं ते पाइपांचं काळं वेटोळं, पंपाची पाठ, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या वायरी, पाणी तापवणारी उभी नळी आणि खडकांच्या बोडक्या पाठी, जिथं तिथं सिमेंटचे चिकटवलेले गोळे दिसणाऱ्या. काचेवर तपकिरी-हिरवं शेवाळ माजलेलं. पंपाची घरघरही याच बाजूला. अरे देवा, असं त्याच्या तोंडून निघालं. इमारतीच्या मागच्या बोळात उभं राहिल्यासारखं होतं ते. आणि ती दीड वर्ष इथं या खुर्चीवर बसून, हेच बघत भाजी निवडत होती, चहा पीत होती, त्याची वाट बघत होती.

मग त्याला ती पुसलेली जागा दिसली. सगळी काच शेवाळानं भरलेली, पण बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला तळहाताएवढा एक तुकडा साफ होता. अगदी साफ नाही, दोन महिन्यांत त्यावरही पातळ साय धरली होती, पण कडा अजून कळत होत्या. काच पुसायला त्याच्याकडे एक चुंबक होतं, दोन भागांचं, एक आत आणि एक बाहेर, बाहेरचा फिरवला की आतला घासत जातो. ते चुंबक त्याला अधूनमधून स्वयंपाकघराच्या बाजूला लागलेलं सापडायचं आणि तो करवादायचा, "याला हात कोण लावतं?" घरात माणसं दोन, त्यातला विचारणारा एक, तेव्हा उत्तर उघड होतं. "मी," ती म्हणायची. तो चुंबक परत आपल्या बाजूला आणून ठेवायचा. कशाला हलवलंस, हे त्यानं कधी विचारलं नाही. आता तो वाकला आणि त्या तुकड्यातून आत पाहिलं. दोन खडकांच्या मध्ये, वाळूलगत, एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी बोटाएवढा पिवळसर मासा बसला होता, अंगावर नारिंगी पट्टे, डोळे गरागरा फिरवत, वॉचमनसारखा. त्याच्या मागून आतून एक झिंगा आला. पुढच्या नांग्यांनी वाळूचा ढीग ढकलत आला, बाहेर टाकला, वळला, आत गेला. पुन्हा आला. येता-जाता त्याची एक लांब मिशी माशाच्या शेपटीवर टेकलेली. मग एकदम आवाज झाला, 'टक्'. बारीक, कोरडा, कुणी पेन्सिल मोडल्यासारखा. झिंग्यानं नांगी वाजवली होती.

ही जोडी त्यानंच आणली होती. टाकीवाला दुकानदार म्हणाला होता, "हे सुटे देत नाही साहेब, जोडीनंच न्या. झिंग्याला दिसत नाही धड, तो घर खणतो, मासा पहारा करतो." आणून सोडली आणि त्याच दिवशी दोघं गायब झाली. काही दिवस त्यानं शोधली, दिवाणखान्याच्या बाजूनं अर्थात, आणि मेली असं समजून सोडून दिली. मेली नव्हती. मागच्या बाजूला बिऱ्हाड थाटून बसली होती. बिऱ्हाड हा शब्द मनात आला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा शब्द आला, आणि त्याचा हात फोनवरच थबकला. भाडेकरू.

आता हे नीट समजायला हवं, कारण त्यालाही ते समजायला त्या खुर्चीवर बराच वेळ बसावं लागलं. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं भाड्यानं राहत होतं. दोघंही नोकरीला, सकाळी जात, अंधार पडल्यावर येत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भावाकडे जाण्याआधी वर्षभर बायको जेवताना मधूनच म्हणायची, "भाडेकरूंनी आज फार खणलं हो." तो पेपरमधून मान वर न काढता म्हणायचा, "नळ बदलत असतील." ती म्हणायची, "भाडेकरू आज बाहेरच आले नाहीत." तो म्हणायचा, "गावाला गेले असतील." ती खुदकन हसायची. "आज त्या दोघांचं काहीतरी बिनसलंय, तो बाहेर आणि ती आत." "आपल्याला काय करायचंय," तो म्हणायचा, "भाडं वेळेवर देतात ना?" यावर ती इतकी हसली होती की तिला ठसका लागला. त्याला वाटायचं, बाई रिकामी झाली की शेजाऱ्यांकडे लक्ष जातं. आणि तिला काय वाटत होतं? तिला वाटत होतं की नवऱ्यानं ओळखलंय. की तो चेहरा सरळ ठेवून आपल्याशी खेळतोय. मूल ना बाळ अशा त्या घरात, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, दोघांच्या मालकीचा एक विनोद जन्माला आलाय, असं तिला वर्षभर वाटत होतं. आणि ती खूश होती. त्याला आठवलं, त्या वर्षात ती खरंच खूश होती. त्यानं ते टाकीच्या खात्यावर मांडलं होतं.

टाकीची कल्पना त्याची. तो नकाशे काढणारा, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात जन्म गेला. ऑफिसातली पोरं त्याला 'फूटपट्टी' म्हणायची, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर, आणि त्यालाही ते आवडायचं. इमारतीची दर्शनी बाजू काढावी तर फूटपट्टीनंच, असं साहेब म्हणायचे. दर्शनी बाजूत तो झाडं घालायचा, झाडांच्या सावल्या घालायचा, फुटपाथवरून चालणारी बारीक माणसं घालायचा, एकीच्या हातात छत्री, एकाच्या हातात कुत्र्याचा पट्टा. गिऱ्हाइकाचा जीव तिथंच अडकायचा. मागची बाजू शेवटच्या कागदावर, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत उरकायची: सांडपाण्याचे पाइप, न्हाणीघरांच्या झरोक्यांची रांग, मीटरच्या पेट्या. तिथं झाड नाही, माणूस नाही. "मागून कोण बघतंय?" साहेब म्हणायचे, आणि कुणालाच कधी सुचलं नाही की मागच्या खोल्यांतही माणसंच राहतात. निवृत्त झाल्यावर त्याचे हात शिवशिवायला लागले. कुणाच्यातरी घरी त्यानं समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिली आणि झालं, पछाडलाच. ती तेव्हा म्हणाली होती, "भिंत पाडायची तर पाडा, पण दोन्हीकडून दिसायला हवी. मला आतून दिसणार असेल तर माझं काही म्हणणं नाही." तो म्हणाला होता, "अगं, म्हणून तर भिंतीत बसवतोय." आणि मग कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि सवयीनं, अगदी हात आपोआप गेल्यासारखा, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'दर्शनी बाजू'. कमान, कमानीखाली गुहा, डावीकडे पोवळ्यांसाठी तीन पायऱ्या. पाइप, पंप, वायरी? मागे. मागे म्हणजे कुठे, हे त्यानं लिहिलं नाही. मागे म्हणजे मागे.

काम मात्र त्यानं मन लावून केलं, ते कुणीही कबूल करील. एकेक खडक हातात घेऊन फिरवला, ठोकला, चिकटवला. खडक आधी थेट तळाच्या काचेवर बसवायचे आणि वाळू नंतर ओतायची, नाहीतर खणणारे जीव खालची वाळू उकरतात आणि खडक बसतो, हे त्याला पाठ होतं. मग मीठ विरघळवलेलं पाणी भरलं आणि मग थांबणं. पाणी मुरावं लागतं. आठवडेच्या आठवडे नुसतं पाणी, दगड आणि दिवा, आत जीव नाही. येणारा-जाणारा विचारी, "मासे कुठायत?" तो म्हणे, "पाणी मुरतंय अजून." ते दिवस त्याला सगळ्यात आवडले होते, आता आठवलं की लाज वाटत होती, पण आवडले होते. कुणी काही बोलत नसे आणि न बोलण्याला कारण असे. बायको तेव्हाच नोकरीतून निवृत्त झाली होती. ती एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर लोकांना एकमेकांना जोडून द्यायची. रडणाऱ्यांना, ओरडणाऱ्यांना, चुकीच्या नंबरवाल्यांना. घरी आली की म्हणायची, "आता तासभर मला कुणी काही विचारू नका," आणि त्याला ते फार सोयीचं होतं. पुढे तासाचा अख्खा संसार झाला. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे शब्द उरायला लागले. साठून राहिलेले सगळे शब्द घेऊन ती स्वयंपाकघरात बसायची आणि पलीकडे, काचेच्या दुसऱ्या अंगाला, तिचा नवरा मिठाची गुळणी धरून बसलेला. हे अगदी शब्दशः खरं. टाकीतलं घाण पाणी नळीनं काढताना आधी तोंडानं ओढावं लागतं आणि दर वेळी त्याच्या तोंडात खाऱ्या पाण्याचा घोट यायचा. ती काही विचारायला यायची आणि तो गाल फुगवून हातानं खूण करायचा, थांब.

आणि मग तो दिवस. तो आठवला तेव्हा त्यानं त्या बुटक्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुट्टीचा दिवस होता. टाकीच्या बाजूनं 'टक्' असा आवाज आला आणि तो दचकला, काच तडकली की काय. पुन्हा आला. "कसला आवाज येतोय हा?" तो म्हणाला. "भाडेकरू," ती आतून म्हणाली. "रोज?" "रोज." "मग सांगायला हवं त्यांना." "सांगा ना," ती म्हणाली, आवाजात हसू दाबलेलं, "समज द्या चांगली." आणि हा पठ्ठ्या चपला घालून वर गेला. दार त्या तरुणानं उघडलं, दाढीला अर्धा साबण लागलेला. यानं त्याला शांतपणे सांगितलं की खाली वयस्कर माणसं राहतात, तुमच्या ठोकाठोकीनं काच तडकेल. तो बिचारा म्हणाला, "काका, आम्ही दिवसभर घरी नसतो हो." हा खाली आला आणि म्हणाला, "साफ नाकारतात." बायको ओट्याला धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, खरंच वर गेला होतात?" "मग? तूच म्हणालीस ना." तिनं त्याच्याकडे बघितलं. हसू लगेच थांबलं नाही. गॅस बंद केल्यावर उकळी जशी हळूहळू बसते तसं बसलं. तिनं मनगटानं डोळे पुसले. "हो," ती म्हणाली, "मीच म्हणाले." त्यानंतर जेवताना तिनं भाडेकरूंचं नाव काढलं नाही, आणि काढलं नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. काही दिवसांनी ती म्हणाली, जरा भावाकडे जाऊन येते.

म्हणजे मघाशी फोनवर तिनं एकदा शेवटचं विचारून पाहिलं होतं. आणि त्यानं सांगितलं होतं, कपाटं सरकवतात.

शहाण्या माणसानं त्याच क्षणी फोन उचलून म्हटलं असतं, अगं, दिसले मला. तीन शब्दांचं काम. त्यानं फोन उचललाही. पण बोलण्यातून काही सांगायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटाच यायचा. साहेबांनी काही विचारलं तरी तो म्हणायचा, काढून आणतो. तसंच झालं. सांगण्यापेक्षा दाखवू, असं त्याच्या मनानं घेतलं. रविवारी ती येईल, या खुर्चीवर बसेल आणि समोर बघेल तर अख्खी दर्शनी बाजू तिच्याकडे! कमान तिच्याकडे, पायऱ्या तिच्याकडे, पोवळी तिच्याकडे. पाइपबिइप सगळे दिवाणखान्यात, बघायचे त्यानं. तिला एक अक्षर बोलावं लागणार नाही आणि त्यालाही. या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की तो उठून घरभर फिरला. मुरलेली टाकी उलटी फिरवणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. वाळूत दीड-पावणेदोन वर्षांचा गाळ बसलेला असतो, तो उठला की पाणी नासतं. पण माणसाला एकदा आपण करतोय ते प्रेमापोटी करतोय असं वाटलं की त्याचं ज्ञान जरा बाजूला सरकतं.

शनिवारी त्यानं बादल्या मांडल्या. पोवळी एकेक करून काढली, मासे जाळीनं धरले. हात खांद्यापर्यंत पाण्यात, मिठानं कातडी चरचरत होती. भाडेकरूंचा कोपरा सोडायचा हे त्यानं पक्कं ठरवलं होतं. त्यांच्या बिळावरच्या खडकाला हातही लावायचा नाही, सगळं फिरवू पण तेवढं तसंच ठेवू. मधून मधून तो त्या पुसलेल्या तुकड्यातून बघत होता. मासा बिळाच्या तोंडाशी होता, जरा आत सरकलेला, घाबरलेला. "झालंच हं," तो त्याला म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. मग कमान उचलली. कमानीचा एक पाय त्या कोपऱ्यातल्या खडकावर टेकलेला होता. टेकवला होता त्यानंच, पण दिवाणखान्याच्या बाजूनं, आणि तिथून ते दिसत नसे. कमान सुटली तसा तो खडक हलला. त्यानं घाईघाईनं कमान फिरवून पुन्हा त्याच्यावरच टेकवली आणि दुसरा पाय वाळूवर ठेवला, काचेवर नाही, वाळूवर. तेवढी वाळू उपसायला धीर कुठे होता? क्षणभर सगळं ठीक वाटलं. मग तो कोपरा हळूच खाली बसला. मोठा आवाज नाही, काही नाही. खुर्चीत माणूस बसतो तसा बसला. वाळूचा ढग उठला, पाणी दुधासारखं झालं आणि नासलेल्या अंड्याचा वास घरभर पसरला. त्यानं काचेला कान लावला. पंपाची घरघर येत होती. 'टक्' येईल म्हणून तो कान लावून उभा राहिला, कान गार पडेपर्यंत उभा राहिला. मग पुन्हा हात घालून खडक उचलायला गेला, तर गाळ आणखीच उठला आणि त्याला स्वतःचा हात दिसेना. त्यानं टाकीवाल्याला फोन केला. "वाळू ढवळलीत?" तो ओरडलाच. "मग आता हात काढा आणि गप्प बसा. जितकं सावरायला जाल तितकं बिघडेल." तो गप्प बसला. ते त्याला जमायचं.

रविवारपर्यंत पाणी बऱ्यापैकी निवळलं होतं. मासे परत सोडले, पोवळी लावली, काही मिटून बसलेली, काही झडलेली. काच त्यानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घासून लख्ख केली. पुसलेला तुकडा आता वेगळा कळत नव्हता. बेल वाजली. दारात ती, आणि मागे धापा टाकत मेहुणा, हातात मोठी बॅग. "काय भावोजी, लिफ्ट कधी बसवणार तुमची सोसायटी?" म्हणत त्यानं बॅग दाराशी टेकवली आणि सोफ्यावर बसून पंखा लावायला सांगितला. ती दिवाणखान्यात उभी राहून टाकीकडे बघत होती. या बाजूला आता पाइपांचं वेटोळं. "हे काय?" ती म्हणाली. "तू आत ये," तो म्हणाला, "आतून बघ." तो पुढे झाला, खुर्ची ओढली. ती बसली. तो टाकीशेजारी उभा राहिला, गिऱ्हाइकासमोर नकाशा उलगडून उभा राहायचा तसा, आणि बोटानं दाखवायला लागला, ही कमान, या पायऱ्या, ते जांभळं पोवळं आता थेट तुझ्यासमोर. "सगळं तुझ्याकडे फिरवलंय. आता ही दर्शनी." "छान आहे," ती म्हणाली. ती खरंच बघत होती. मग तिचे डोळे खाली गेले, उजव्या कोपऱ्यात गेले आणि तिथं शोधायला लागले. ती वाकली. "ते कुठायत?" तिनं विचारलं.

"कोण?" तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला माहीत होतं कोण. तरी तोंडातून तेच निघालं.

मग तोच म्हणाला, "मला कळलं, तू कुणाला म्हणत होतीस ते. त्या दिवशी फोन ठेवल्यावर कळलं. इथंच बसलो होतो." "मग?" "मग हे केलं." "आणि ते?" "खडक बसला," तो म्हणाला. "मी ठेवला तो. वाळूवर ठेवला." तिनं मान हलवली, जणू हॉस्पिटलातल्या फोनवर कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि ती पुरतं ऐकून घेत होती. बाहेर मेहुणा मोबाइलवर कुणाशीतरी हसत होता. "फोन करायचात," ती म्हणाली. "म्हटलं दाखवावं." "मला काय दाखवायचंत हो? मी बघतच होते की." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही एकदा इकडे येऊन बसला असतात तर पुरे होतं. स्टूल घेऊन. या पाइपांसकट."

त्यानं स्टूल आणलं. आता आणून काय उपयोग, असं ती म्हणाली नाही, जरा सरकून तिनं त्याला जागा करून दिली. दोघं त्या लख्ख काचेसमोर बसली. आणि ती सांगायला लागली, कोपऱ्याकडे बघत, तिथं आता काही नव्हतं तरी. झिंग्याला दिसत नाही, म्हणून तो एक मिशी कायम माशाच्या अंगावर ठेवतो. मासा शेपटी थरथरवतो, म्हणजे धोका, की दोघं आत. पंप बंद पडला होता त्या दिवशी मासा सगळा वेळ बाहेर उभा होता, झिंग्याला बाहेर येऊ देत नव्हता. एकदा झिंग्यानं कात टाकली आणि ती आपलं रडलीच, मेला म्हणून, तर तो आत धडधाकट. तो ऐकत होता. मध्ये काही बोलला नाही, पण हे न बोलणं निराळं होतं, आणि ते तिला कळतंय की नाही याची त्याला धाकधूक वाटत होती. असं वर्षभर रोज थोडं थोडं ऐकायला मिळालं असतं, हे त्याच्या मनात आलं. चहा करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. कपड्यांच्या कपाटाकडे ती फिरकलीसुद्धा नाही. मग सांगण्यासारखं संपलं. ती थोडा वेळ बसली, काचेवर बोट टेकवलं, काढून घेतलं आणि उठली. "निघते," ती म्हणाली.

दिवाणखान्यात मेहुणा गडबडून उभा राहिला. "निघते? आणि बॅग?" "घे खाली." "अगं ताई," तो कपाळावर हात मारून म्हणाला, "वर चढवताना माझा जीव गेला, आता पुन्हा खाली? हमाल समजलीस का मला? काल रात्रभर बसून भरलीस ना ही?" "घे म्हटलं ना," ती म्हणाली. "मी आणतो," तिचा नवरा म्हणाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं बॅग उचलली. उचलली आणि हाताला वजन कळलं. कपडे न्यायला येणारा माणूस रिकामी बॅग आणतो. ही गच्च भरलेली होती. बाजूच्या कप्प्याची चेन अर्धी उघडी होती आणि तिच्या घरातल्या, पावलाच्या आकाराला झिजलेल्या सपाता तिथून डोकावत होत्या. ती राहायला आली होती. दाराशी उभी राहून टाकीकडे बघत होती तेव्हाही ती राहायलाच आलेली होती.

तो जिना उतरायला लागला. पुढे मेहुणा, मग ती कठड्याला धरून, मागून तो. प्रत्येक वळणावर बॅग खाली ठेवता आली असती. तशी जागा होती. एका वळणावर तर ती थांबली, दम घ्यायला थांबली असेल, तोही थांबला, आणि बॅग त्यानं या हातातून त्या हातात घेतली. खाली गाडीची डिकी उघडी होती. त्यानं बॅग आत ठेवली, नीट आडवी ठेवली, सपाता चुरगळणार नाहीत अशी, आणि डिकी लावली. ती दार उघडून उभी होती. बसत नव्हती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि बघत राहिली. त्याच्या शर्टाची बाही मिठानं ताठ झाली होती. "सावकाश जा," तो म्हणाला. ती बसली. मेहुण्यानं काच खाली करून हात हलवला, आणि गाडी गेली.

तो जिना चढायला लागला. अर्ध्यावर आल्यावर तो कठड्याला धरून थांबला. शब्द तोंडात इतका वेळ तयार होता की आता तो नुसताच बाहेर पडला. "राहा," तो म्हणाला. चांगला मोठ्यानं, स्पष्ट. जिन्यात तो घुमला. कुठल्यातरी दारामागून एका बाईनं विचारलं, "कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "मी आहे."